‘एका वर्षात बायबल’ : साडेदहा महिने झाले, मी अजून ‘ईयोब’ या पुस्तकात आहे

31 डिसेंबरच्या रात्रीची उपासना संपल्यावर आमच्या चर्चमध्ये वाचनाचं वेळापत्रक वाटलं. घडी घालून बायबलात ठेवता येईल एवढा कागद, त्यावर वर्षभराच्या तारखा, प्रत्येक तारखेपुढे चार अध्याय आणि खूण करायला चार चौकटी. ते मी किती पाळलं, कुठे मोडलं आणि आता काय करते, ते लिहिते. नव्या वर्षाच्या तोंडावर पुन्हा कागद वाटले जातील, कुणाच्या उपयोगी पडलं तर पडलं.

हे वेळापत्रक नवं नाही. स्कॉटलंडच्या डंडी शहरातले पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी ते बनवलं. पुढच्याच मार्चमध्ये ते वारले, वय अवघं 29. त्यांच्या हिशेबाने वर्षात बायबलाचा पहिला भाग, जुना करार, एकदा होतो. दुसरा भाग, नवा करार, दोनदा आणि जुन्या करारातली स्तोत्रसंहिताही दोनदा. 1 जानेवारीला चार ठिकाणी चार सुरुवाती: उत्पत्ती, एज्रा, मत्तय आणि प्रेषितांची कृत्ये, या प्रत्येक पुस्तकाचा पहिला अध्याय. पहिल्या दिवशी फार छान वाटतं. दुसऱ्या दिवशी एज्राचा दुसरा अध्याय येतो, म्हणजे बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या यहुद्यांची यादी, 70 वचनं, नुसती नावं आणि आकडे. जगभरातले किती लोक 2 जानेवारीलाच गळत असतील, देव जाणे.

मी गळले नाही. मोबाइलवर अ‍ॅप घेतलं, पहाटे साडेपाचचा गजर लावला. जानेवारी पार पडला, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीतून उशिरा घरी आले त्या रात्रीसुद्धा बाराच्या आत चार अध्याय उरकले. उरकले हाच शब्द. शेवटच्या अध्यायाला बोट आपोआप वर सरकायचं. अ‍ॅपमध्ये ‘सलग 38 दिवस’ असा आकडा दिसायचा आणि वचनापेक्षा त्या आकड्याचीच मला काळजी. फेब्रुवारीत धाकट्याला ताप आला, त्यात नळाला पाणी पाच दिवसांनी आणि तेही मध्यरात्री. अकरा दिवस खाडा पडला. चार गुणिले अकरा, 44 अध्यायांची थकबाकी. नवी पेठेत मी एका दुकानाचे हिशेब बघते, उधारीची वही कशी फुगते ते मला रोज दिसतं. रविवारी दुपारी 44 फेडायला बसले, 17 वर झोप लागली. दुसऱ्या दिवशी अ‍ॅपच काढून टाकलं.

तेव्हा मला वाटलं, कमी अध्यायांचं वेळापत्रक घ्यावं. जुन्या मंडळींत एक सोपा हिशेब चालतो: रोज तीन अध्याय, रविवारी पाच. आठवड्याचे 23, 52 आठवड्यांचे 1196. बायबलात अध्याय 1189, म्हणजे सात शिलकीत. गणित चोख आहे, पण अध्याय हे काही वाचनाचं माप नाही. 117 वं स्तोत्र दोन वचनांचं आणि 119 वं 176 वचनांचं, दोन्ही ‘एक अध्याय’. हा हिशेब माझ्याकडे आठ दिवससुद्धा टिकला नाही.

गाडी रुळावर आली ती मामांमुळे. मामा म्हणजे माझे सासरे. अक्कलकोट रोडला यंत्रमागावर एकतीस वर्षं चादरी काढल्या. त्या खडखडाटाने कान गेले आणि आता मोतीबिंदूने बारीक अक्षरही दिसेना. मार्चमधल्या एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उत्पत्ती पुटपुटत होते.

“काय वाचलालीस गं? मोठ्यानं वाच की, मी काय परका हाय?”

मोठ्याने म्हणजे किती, तर शेजारच्या काकू खिडकीतून विचारतात, “आज योसेफाला विकलं का?” पण तेव्हापासून मोडलेलं नाही. आत्या, म्हणजे सासूबाई, भाकरी थापतात, मी पिठाच्या डब्यावर बायबल टेकवून उत्पत्तीपासून ओळीने दोन अध्याय वाचते, तेवढ्यात तवा उतरतो. मामांसाठी फोनवरचं वाचन लावून पाहिलं होतं. बोलणाऱ्याचा आवाज चांगला होता, पण “परत सांग” म्हटल्यावर तो थांबेना, म्हणून मामांनी नापास केला. भाषांतर त्यांना जुन्या वळणाचंच लागतं. मला सोप्या मराठीचं आवडतं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायांना कळेल अशा मराठीत अख्खं बायबल आणायला घेतलं होतं, हे मी ऐकवलं. मामा म्हणाले, “बाई थोर, पण मला पाठ आहे ते बदलू नकोस.”

आता मुख्य गोष्ट. हीच पानं मी याआधी दोनदा मनातल्या मनात वाचली होती. माझ्या डोळ्यांनी काय काय सोडलं होतं, ते मामांनी दाखवलं.

मे महिन्यात, वीज गेली म्हणून गच्चीवर बसून आम्ही लेवीयचा तेरावा अध्याय वाचत होतो. सगळे जिथे कंटाळतात तो चट्ट्यांचा अध्याय. चट्टा कपड्याला पडला तर काय करायचं ते त्यात शेवटी येतं, मग तो ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना असो, की बाण्याला, म्हणजे आडव्या. मामा ताठ बसले. “ताणा-बाणा? मोशेला माग ठाऊक होता?” आणि मग ताण्याला डाग असला तर तो थानभर कसा चालत जातो, बाण्याचा कसा पट्ट्यात दिसतो, यावर अर्धा तास. गणना या पुस्तकाच्या सातव्या अध्यायाची मला धास्ती होती: 89 वचनं, बारा सरदारांनी आणलेली अर्पणं, तीच यादी शब्दाला शब्द बारा वेळा. मी म्हटलं, एकदा वाचते, बाकी धरून चाला. “का? बाराजणांनी दिलं ना? मग रजिस्टरला बाराजणांची नावं नकोत?” बाराही वाचले.

जुलैत दावीदाशी लढलेला धिप्पाड गल्याथ आला. त्याच्या भाल्याचा दांडा साळ्याच्या, म्हणजे विणकराच्या, तुरीसारखा. इतकी वर्षं मी ती तुरी म्हणजे तुरीच्या शेताशी संबंधित काहीतरी समजत होते, खोटं कशाला सांगू. मामा हसून हसून खोकले. “अगं, तुरी म्हंजे बीम, मागाचं सूत गुंडाळायचा रूळ! सुताचा भरलेला बीम उचलायला दोन माणसं लागतात.” त्यानंतर गल्याथ मला खरोखर मोठा दिसला.

नंतर कळलेली गंमत सांगते. मॅकचेन यांच्या मूळ तक्त्यात चारांपैकी दोन अध्याय कुटुंबात वाचायचे आणि दोन एकांतात, असे सरळ दोन भाग होते. आमच्या कागदावर ती शीर्षकंच गळली होती, आणि मी चारही अध्याय पांघरुणात मोबाइलवर उरकत होते. धोके काय आहेत तेही त्यांनी लिहून ठेवलंय: नुसती औपचारिकता, आपण फार धार्मिक झालो असा ताठा, निष्काळजी वाचन आणि न पेलणारं जू. माझे पहिले दोन महिने म्हणजे या चारांची हजेरी.

तर माझं मत. वेळापत्रक घ्या, पण तारखांवर काट मारा. मी पेनाने मारली, आता कागदावर फक्त अध्याय आहेत. खाडा पडला तर उद्या तिथूनच पुढे, थकबाकी नाही. ज्यांचं घर शांत आहे आणि पहाट स्वतःची आहे, त्यांना चार अध्यायांचा तक्ता जमेलही, आमच्या पाळकबाईंना जमतो. आमच्या वेगाने, आठवड्याला साधारण बारा अध्याय, पूर्ण व्हायला दोन वर्षं लागतील. तक्रारी दोन. नवा करार फारच लांब पडतो, म्हणून रविवारी त्यातल्या मार्क या पुस्तकातला थोडा भाग वाचतो. आणि माझा घसा.

गेल्या आठवड्यात ईयोबाचा सातवा अध्याय आला: माझे दिवस धोट्याहून वेगाने जातात आणि आशेवाचून सरतात. धोटा म्हणजे बाण्याचं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळतो तो. मामांनी हात वर केला. मी तेच वचन पुन्हा वाचलं. “धोटा पळतो म्हणून नव्हे,” ते म्हणाले, “धोट्यातली कांडी संपते. सूत संपलं की माग थांबला. तो म्हणतोय, माझं सूत संपलं.” रविवारी मी हे पाळकबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, हिब्रूत तिथे जो ‘आशा’ शब्द आहे, त्याचाच दुसरा अर्थ दोरा. यहोशवाच्या पुस्तकात हेरांना लपवणाऱ्या राहाबेने खिडकीला बांधला तो दोरा, तोच शब्द. घरी येऊन मी मामांच्या कानाशी तोंड नेऊन, ओरडून, ते सगळं सांगितलं.

“मग मी काय येगळं म्हणालो?” म्हणाले, आणि चहा मागितला.