आईची स्मृतितपासणी: पर्वरीतील एका केंद्राचा अनुभव

माझी आई 77 वर्षांची आहे आणि आम्ही गोव्यातल्या साखळीला राहतो. गेल्या दीड वर्षातले तिचे विसरणे आम्ही वयाच्या खात्यावर टाकत आलो होतो. पण चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आदल्या दिवशी माटोळी (गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची चौकट) बांधताना घरातले सगळेच गप्प झाले. माटोळीला काय काय लागते आणि कुठले फळ कुठे बांधायचे हे आमच्या घरात गेली पन्नास वर्षे तीच सांगत आली आहे. त्या दिवशी मात्र लालभडक कवंडळ हातात धरून ती उभी राहिली आणि त्याचे नाव तिला काही केल्या आठवेना. "म्हाका खबर आसा, पूण तोंडार येना," एवढेच ती म्हणाली.

त्यानंतरची पहिली तपासणी एका मोठ्या रुग्णालयाच्या ओपीडीत झाली. बाहेर रुग्णांची गर्दी, दार उघडे, प्रश्न हिंदीतून आणि आईचे कानाचे यंत्र घरी राहिलेले. दहा मिनिटांत चाचणी संपली, 30 पैकी 17 गुण लिहिले गेले आणि "डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) सुरू झाला आहे" हे वाक्य आम्हाला तिच्यासमोरच ऐकावे लागले. घरी परतताना ती एक शब्दही बोलली नाही. पुढे ज्या न्यूरोलॉजिस्टकडे आम्ही गेलो, त्यांनी एमआरआय काढायला सांगितला, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि स्मृती, भाषा, लक्ष यांच्या सविस्तर (न्यूरोसायकॉलॉजिकल) चाचणीसाठी पर्वरीच्या या केंद्रात पाठवले.

या दोन तपासण्यांमधला फरक मला येथेच नीट समजला. दहा मिनिटांच्या 30 गुणांच्या चाचण्या, म्हणजे 1975 साली आलेली एमएमएसई आणि 2005 साली आलेली मोका, या चाळणीसारख्या आहेत. कोणाला पुढे तपासायचे एवढेच त्या सांगतात; निदान करणे हे त्यांचे काम नाही. मोकामध्ये 26 आणि त्यावरचे गुण साधारण मानले जातात, आणि ज्याचे शिक्षण 12 वर्षे किंवा त्याहून कमी झाले असेल त्याला एक गुण वाढवून दिला जातो. माझी आई पोर्तुगीज अमदानीत गावातल्या खाजगी मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकली. त्यानंतर तिने पेन्सिल धरली ती दुधाचा हिशोब लिहिण्यापुरती. तिला ठोकळ्याचे चित्र पाहून तसेच काढायला सांगायचे आणि त्या बदल्यात एक गुण द्यायचा, याने ती तूट भरून निघत नाही. हरियाणातील बल्लभगढ भागातल्या निरक्षर वृद्धांसाठी नव्वदच्या दशकात एमएमएसईचे हिंदी रूप तयार झाले, तेव्हा "डोळे मिटा" असे लिहिलेले वाचण्याऐवजी 'माझ्या चेहऱ्याकडे पाहा आणि मी करते तसेच करा' असा प्रश्न योजला गेला. चाचणी माणसाला बेतून घ्यावी लागते, ही जाण नवी नाही. आमच्या वाट्याला ती उशिरा आली.

या केंद्रातील क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट बाईंनी पहिला अर्धा तास एकही चाचणी घेतली नाही. कानाचे यंत्र चालू आहे का, चष्म्याचा नंबर कधी तपासला, रात्री झोप किती लागते, मधुमेहाच्या गोळ्या किती वर्षे चालू आहेत, हे सगळे त्यांनी विचारले. मग त्यांनी जो प्रश्न विचारला, तो गोव्यात प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे असे मला मनापासून वाटते: "मावशी, तुम्ही घरी कोणत्या भाषेत बोलता आणि वाचता कोणत्या भाषेत?" आई बोलते कोकणी, पोथी, वर्तमानपत्र आणि देवळातल्या पावतीवरचे नाव वाचते मराठीत, आकडे मोजते तेही मराठीत. आमच्यासारख्या हजारो घरांत हेच आहे आणि आम्हाला त्यात वेगळे काही वाटतही नाही. परंतु चाचणीची भाषा चुकली, तर स्मृती कमी पडली की शब्दच अनोळखी होता, हे सांगता येत नाही. येथे सूचना कोकणीत दिल्या गेल्या आणि शब्दांच्या याद्या, वाचन व आकडे मराठीत घेतले गेले. कोणता भाग कोणत्या भाषेत झाला याची नोंदही अहवालात आहे.

चाचणी दोन दिवसांत मिळून साधारण तीन तास चालली. आई थकली आहे असे दिसताच दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली गेली. मला सुरुवातीला काही वेळ कोपऱ्यात बसू दिले आणि नंतर बाहेर पाठवले, कारण आई उत्तरासाठी माझ्याकडे पाहू लागली होती. मी पाहिलेल्या भागात घड्याळाचे चित्र होते. आईने वर्तुळ काढले, आधी 12, 3, 6 आणि 9 मांडून मधले आकडे व्यवस्थित भरले. अकरा वाजून दहा मिनिटे दाखवायला सांगितल्यावर लहान काटा 11 वर बरोबर गेला आणि मोठा काटा मात्र 10 या आकड्यावर. ती बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिली. "कितें तरी चुकलां," म्हणाली, पण काय चुकले ते तिला सापडेना. बाईंनी घाई केली नाही, सुचवलेही नाही. नंतर त्यांनी स्वतः काढलेले घड्याळ समोर ठेवले आणि त्याची नक्कल आईने अचूक केली. म्हणजे डोळे आणि हात ठीक आहेत, घड्याळ म्हणजे काय हेही ती जाणते. कानावर पडलेला 'दहा' मनात थांबवून त्याचा अर्थ लावण्याच्या पायरीवर अडते आहे, असे आम्हाला नंतर समजावून सांगितले गेले. आकडे आणि अक्षरे आळीपाळीने जोडण्याच्या नेहमीच्या चाचणीऐवजी तिला रंगीत वर्तुळांची चाचणी दिली, कारण ती सोडवायला अक्षरांचा क्रम यावा लागत नाही.

सर्वांत मोलाचा भाग शब्दांच्या यादीचा होता. पंधरा शब्द पाच वेळा वाचून दाखवतात आणि प्रत्येक वेळी जेवढे आठवतील तेवढे सांगायचे असतात. मध्ये दुसरी यादी येते, आणि सुमारे अर्ध्या तासाने पहिली यादी पुन्हा विचारली जाते. ते शब्द मी येथे मुद्दाम देत नाही. ज्याची चाचणी व्हायची आहे त्याने ते आधी वाचले तर त्याच्याच तपासणीचा उपयोग राहणार नाही. अर्ध्या तासाने आईला त्यांतले केवळ चार शब्द आठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. परंतु नंतर वेगवेगळे शब्द उच्चारून "हा यादीत होता का?" असे विचारल्यावर तिने पंधरापैकी तेरा ओळखले आणि नसलेल्या शब्दाला होकार फारसा दिला नाही. शब्द डोक्यात साठले होते, फक्त हवे तेव्हा बाहेर येत नव्हते. कवंडळाच्या वेळी झाले ते हेच. अल्झायमरमध्ये बहुधा साठवणच कच्ची राहते आणि त्यामुळे ओळखण्यातही चुका होतात. आईच्या उत्तरांची घडण वेगळी होती. एमआरआयमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे बदल दिसले, आणि मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षे घेतल्याने होऊ शकते तशी बी12 जीवनसत्त्वाची मोठी कमतरताही रक्तात आढळली. सगळे एकत्र पाहून न्यूरोलॉजिस्टनी सौम्य बोधनिक क्षीणता (डिमेन्शियाच्या अलीकडची, सौम्य पायरी) असे निदान लिहिले, बी12 ची इंजेक्शने सुरू केली आणि रक्तदाबाची गोळी बदलली. ओपीडीतले 17 गुण खोटे नव्हते, पण त्यांतून यांपैकी काहीच कळले नसते.

चाचणी संपल्यावर मी चवथीचा प्रसंग सांगितला, तेव्हा बाईंनी आईला माटोळीच्या वस्तू विचारल्या. कांगणे, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग अशी सात नावे सांगताना आईचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा खुलला. ती नावे बाईंनी समासात लिहून घेतली, परंतु गुणांत धरली नाहीत. तिच्या वयाच्या आणि शिक्षणाच्या इतर बायका किती नावे सांगतात याचे प्रमाण उपलब्ध नसताना त्या संख्येला अर्थ नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. या प्रामाणिकपणामुळे उरलेल्या अहवालावर माझा विश्वास बसला.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. वेळ मिळायला पाच आठवडे लागले. केंद्र दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, हे वृद्धांसाठी चालवलेल्या सेवेला शोभत नाही. अकरा पानी अहवाल इंग्रजीत मिळाला आणि अर्ध्या पानाचा मराठी सारांश मागून घ्यावा लागला. साडेसहा हजार रुपये शुल्क सर्वांना परवडणारे नाही; ज्यांना ते झेपणार नाही त्यांनी बांबोळीच्या सरकारी मनोचिकित्सा संस्थेत आधी चौकशी करावी. सर्वांत जास्त खटकले ते हे की अहवाल हातात दिल्यावर घरच्यांसाठी पुढे काहीच नाही. स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी येऊन डिमेन्शियाच्या रुग्णांच्या कुटुंबीयांना आधार देण्याचा प्रयोग याच गोव्यात 81 कुटुंबांबरोबर झाला, त्याचे निष्कर्ष 2008 साली प्रसिद्ध झाले आणि सांभाळणाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याला त्याचा लाभ दिसला. तशी महिन्याला एखादी भेट जरी या केंद्राने सुरू केली तरी माझ्या बायकोसारख्या, दिवसभर आईजवळ असणाऱ्या माणसाला फार मोठा हात मिळेल.

येथे जाणाऱ्यांनी कानाचे यंत्र, चष्मा आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्यावी, सकाळची वेळ मागावी, आणि रोजच्या व्यवहारात काय बदलले ते तारखांसह लिहून न्यावे. आमची पुढची चाचणी वर्षभराने ठरली आहे. त्या वेळी शब्दांची यादी दुसरी असेल, म्हणजे जुनी पाठ झाल्यामुळे गुण फुगणार नाहीत. आईने त्या तारखेवर कॅलेंडरात स्वतःच्या हाताने खूण केली आहे.