चिंदोगूचा चष्मा की अथेन्सची झारी?

निरुपयोगी वस्तू जाणीवपूर्वक घडवण्याच्या दोन तऱ्हा शेजारी ठेवून पाहिल्या, तर त्यांतले हसू निरनिराळ्या ठिकाणांहून येते. जपानच्या केंजी कावाकामी यांनी १९८० च्या दशकात रुजवलेले ‘चिंदोगू’, म्हणजे जवळजवळ निरुपयोगी असे अजब साधन, खऱ्या अडचणीवर खरा उपाय देते. मात्र डोळ्यांत औषधाचे थेंब अचूक पडावेत म्हणून चष्म्याला नरसाळी बसवली, की तो घालून चारचौघांत बसण्याची लाज मूळ अडचणीहून मोठी ठरते. चिंदोगूच्या नियमाप्रमाणे वस्तू प्रत्यक्ष बनलेली हवी, पण ती विकायची नाही आणि तिचे पेटंटही घ्यायचे नाही. (१९९५ च्या चिंदोगूंच्या एका पुस्तकात हसण्यावारी नेलेली सेल्फी-काठी पुढे जगभर खपली, ती गोष्ट वेगळी.)

अथेन्सच्या वास्तुविशारद कातेरिना कांप्रानी उलट्या वाटेने जातात. त्या सोयीची वस्तू घेऊन तिच्यातली एकच गोष्ट बिघडवतात: झारीची तोटी झारीकडेच वळते, गमबुटांची टोके उघडी राहतात, जेवणाच्या काट्याच्या दांड्याला साखळी येते. इथे समजावून सांगावे लागत नाही. पाहतानाच हात अडखळतो. म्हणूनच वस्तुरचना शिकणाऱ्याला मी आधी ही झारी दाखवीन, कारण नेहमीची तोटी किती विचारपूर्वक वळवलेली असते, हे तिच्यामुळेच कळते. पाहुण्यांना हसवायचे असेल, तर अर्थात नरसाळ्यांचा चष्मा.