ब्रिटिश लष्करी विमान अपघातांचे चौकशी अहवाल: एका एअरफ्रेम फिटरचा अभिप्राय

४ जून २०२४ ला आमच्या निफाड तालुक्यात, शिरसगावच्या शिवारात हवाई दलाचं सुखोई लढाऊ विमान पडलं. दोन्ही वैमानिक वेळेत बाहेर पडले आणि वाचले. माझ्या मेहुण्याची द्राक्षबाग त्याच भागात आहे. पुढचे आठ दिवस तो भेटला की एकच विचारायचा, "दाजी, तुम्ही वीस वर्षं विमानांवर काम केलंत. ते पडलं कशानं?"

मी त्याला जे खरं तेच सांगितलं. कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे हवाई दलाची स्वतःची चौकशी, बसते, साक्षी होतात, अवशेष तपासले जातात, कारण ठरतं. पण तो अहवाल तुमच्याआमच्यासाठी छापला जात नाही. "मग कुठल्या देशात छापतात?" असं त्याने सहज विचारलं. त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना जी सेवा सापडली, तिच्याबद्दल हे लिहितोय.

ब्रिटनचं संरक्षण खातं आपल्या गंभीर अपघातांचे चौकशी अहवाल सरकारी संकेतस्थळावर ठेवतं. 'सर्व्हिस इन्क्वायरी' या नावाने शोधा. विमानांचे आहेत, तसेच जहाजांचे आणि गोळीबाराच्या सरावात गेलेल्या जवानांचेही आहेत. पैसे लागत नाहीत, नाव नोंदवावं लागत नाही, तुम्ही कोणत्या देशाचे हेही कोणी विचारत नाही. नाशिकमध्ये बसून ब्रिटिश नौदलाच्या विमानवाहू जहाजावर एखाद्या सकाळी काय घडलं, ते परिच्छेदाच्या क्रमांकासकट वाचता येतं.

मी पहिला अहवाल उघडला तो एफ-३५ या लढाऊ विमानाचा. १७ नोव्हेंबर २०२१, भूमध्य समुद्र, 'क्वीन एलिझाबेथ' हे जहाज. हाच ताफा त्याआधी महिनाभरच अरबी समुद्रात आपल्या सैन्याबरोबर 'कोकण शक्ती' हा सराव करून गेला होता. त्या दिवशी झेडएम१५२ क्रमांकाचं विमान उड्डाणासाठी धावलं, जोर पुरेना, आणि ते डेकच्या टोकावरून थेट पाण्यात गेलं. वैमानिक शेवटच्या क्षणी सीटसह उडाला आणि वाचला. कारण काय, तर डाव्या इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जायच्या तोंडात, राहून गेलेलं झाकण.

विमान उभं असताना धूळ, पाणी, पक्षी आत जाऊ नयेत म्हणून इनटेकला लाल झाकण लावतात. ज्याने कधी लाइनवर काम केलंय त्याच्या पोटात हे वाचून गोळा येईल. लाल रंग, 'रिमूव्ह बिफोर फ्लाइट'ची लाल पट्टी, सगळं एवढ्याचसाठी असतं की ते विसरू नये. तरीही ते राहिलं, आणि एवढं मोठं विमान समुद्रतळाशी गेलं.

मला हा अहवाल मोलाचा वाटतो तो पुढच्या भागासाठी. 'तंत्रज्ञाने झाकण काढलं नाही' एवढं लिहून तो थांबत नाही. झाकण इतकं आत सरकलं होतं की बाहेरून फेरी मारताना दिसणं अवघड होतं. किती झाकणं लावली आणि किती काढली याचा हिशोब ठेवायची पद्धत ढिली होती. माणसं किती होती, त्यांच्यावर कामाचा ताण किती होता, अनुभव किती होता, हेही आलंय. एकाच्या हातून चूक घडण्याआधी किती जणांच्या हातून किती गोष्टी निसटल्या होत्या, याची साखळी कडी-कडीने उलगडत जाते.

मांडणी सगळ्या अहवालांची साधारण सारखीच असते. आधी चौकशीचा आदेश, मग घटनाक्रम, मग विश्लेषण, मग शिफारशी, आणि शेवटी ज्या अधिकाऱ्याने चौकशी बसवली त्याचं म्हणणं. विश्लेषणात प्रत्येक मुद्द्याला शिक्का मारलेला असतो: यामुळे अपघात झाला, याने अपघाताला हातभार लावला, यामुळे परिणाम आणखी वाईट झाला, याचा या अपघाताशी संबंध नाही पण पुढच्या वेळी भोवेल. हा शेवटचा प्रकार मला फार आवडला. जे अजून घडलेलं नाही तेसुद्धा लिहून ठेवायचं, याला शिस्त लागते.

माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगतो. एका तळावर, भर पावसाळ्यात, शिफ्ट संपताना टूल बोर्डवर एक स्क्रूड्रायव्हर कमी भरला. बोर्डवर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असते, त्यामुळे रिकामी जागा लगेच डोळ्यांत येते. आमच्या फ्लाइट सार्जंटनी त्या विमानाचं उड्डाण थांबवलं. फॉर्म ७००वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करायला साफ नकार दिला. दोन तासांनी एका पॅनेलच्या आतल्या कोपऱ्यात तो सापडला. मला कोणी ओरडलं नाही. सार्जंट एवढंच म्हणाले, "पॅनेल बंद करण्याआधी मोजायचं, नंतर नाही." ब्रिटिश अहवालांतही त्याच फॉर्म ७००चे उल्लेख भेटतात. नाव तेच, कारण आपण तो त्यांच्याकडूनच घेतला. त्यामुळे वाचताना हे परक्या देशाचं प्रकरण आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

दुसरा अहवाल मला दोन बैठकांत वाचावा लागला. २० मार्च २०१८, वेल्समधला व्हॅली हा तळ, 'रेड ॲरोज' या ब्रिटिश हवाई दलाच्या कसरती पथकाचं हॉक विमान. मागच्या सीटवर कॉर्पोरल जोनाथन बेलिस होते. वैमानिक नव्हे, इंजिनिअर. आमच्यातले. पुढच्या सीटवरच्या वैमानिकाने टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडल्याचा सराव केला, विमान खाली यायला लागलं, तो स्वतः इजेक्ट झाला. बेलिस यांना वेळच मिळाला नाही. अहवालात वैमानिकाचा थकवा आणि विचलित मन यांची नोंद आहे. मला मात्र सारखं वाटत राहिलं की मागच्या सीटवर तंत्रज्ञ बसलेला असताना तो सराव करायचाच कशाला. आपल्याकडे बिदरच्या तळावर हॉकच उडतात, हवाई कसरती करणारं 'सूर्यकिरण' पथकही हॉकच वापरतं. आपल्या जमिनीवरच्या पोरांनी हा अहवाल वाचला पाहिजे.

त्याच पथकाचा २०११ चा अपघातही वाचा. फ्लाइट लेफ्टनंट शॉन कनिंगहॅम जमिनीवर उभ्या विमानात बसलेले असताना सीट आपोआप उडाली आणि पॅराशूट उघडलंच नाही. सीटचं हँडल असुरक्षित स्थितीत असूनही सेफ्टी पिन आत जात होती, म्हणजे बघणाऱ्याला सगळं ठीक वाटत होतं. आणि पॅराशूट अडलं ते एक बोल्ट जास्त आवळल्याने. तो बोल्ट जास्त आवळू नका, ही सूचना सीट बनवणाऱ्या मार्टिन-बेकर कंपनीने ब्रिटिश हवाई दलापर्यंत पोचवली नव्हती. कंपनीने न्यायालयात गुन्हा कबूल केला आणि २०१८ मध्ये तिला ११ लाख पौंड दंड झाला. चौकशी अहवाल, मृत्यूची न्यायालयीन चौकशी, मग खटला, हा सगळा प्रवास लोकांसमोर झाला.

आता आपल्याकडे काय मिळतं ते सांगतो, म्हणजे फरक कळेल. ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ एमआय-१७ पडलं. जनरल बिपीन रावत, त्यांच्या पत्नी आणि इतर, एकूण १४ जण गेले. जानेवारी २०२२ मध्ये प्राथमिक निष्कर्षांचं छोटं निवेदन आलं: हवामान अचानक बदललं, हेलिकॉप्टर ढगात शिरलं, वैमानिकाचं दिशाभान गेलं, ते डोंगराला धडकलं, यांत्रिक बिघाड, घातपात किंवा निष्काळजीपणा यांपैकी काहीच नाही. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालात २०१७ ते २०२२ मधल्या ३४ अपघातांची यादी आली. त्यात या अपघातासमोर कारण होतं 'मानवी चूक (वैमानिक दल)'. बस, एवढंच.

ते कारण खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण कुठल्याही फिटरला, कुठल्याही नव्या वैमानिकाला त्या शब्दांतून शिकण्यासारखं काय मिळणार? हवामानाची माहिती कोणाकडून आली होती, मार्ग कोणी ठरवला, वेळेचं दडपण होतं का, हे प्रश्न तसेच राहतात. समितीने यादी मागितली आणि ती छापली, याबद्दल मला खरोखर आदर आहे. तेवढी फट तरी तिने उघडली.

आणि एक सांगतो. ४ जानेवारी २००५ ला राजस्थानात मिग-२१ मधून बाहेर पडलेले वैमानिक संजीत सिंग कैला यांना आपलं विमान सदोष कामामुळे पडलं हे माहितीच्या अधिकारातून समजलं. २०१७ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना एकूण ५५ लाख रुपये भरपाई दिली, त्यातला मोठा वाटा हिंदुस्थान एरोनॉटिक्सने द्यायचा होता. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडला मिग-२१ मध्ये गेले, आणि त्यांच्या आई कविताताईंनी विमानांच्या सुरक्षेसाठी वर्षानुवर्षं लढा दिला. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झालं. कारण कळावं म्हणून एका वैमानिकाला अर्ज करावा लागतो आणि एका आईला लढा उभारावा लागतो, हे मला सहन होत नाही.

ब्रिटनची सेवा निर्दोष आहे असं समजू नका. अहवाल यायला उशीर होतो. एफ-३५चा ऑगस्ट २०२३ मध्ये आला, म्हणजे २१ महिन्यांनी. पानोपानी काळ्या पट्ट्या आहेत. व्यक्तींची नावं झाकलेली असतात ते मला पटतं, कारण नाव झाकलं की साक्षीदार मोकळेपणी बोलतो. पण कधीकधी ऐन मुद्द्याच्या वाक्यावर पट्टी येते आणि धागा तुटतो. शिवाय ही चौकशी खातं स्वतःच स्वतःची करतं. 'दोष ठरवणे हा हेतू नाही' हे वाक्य तंत्रज्ञाला आधार देतं, पण त्याच वाक्याच्या आडोशाला खर्चाला कात्री लावणारा वरचा माणूसही उभा राहतो.

तो माणूस शोधायचा असेल तर निमरॉडचा अहवाल घ्या. २ सप्टेंबर २००६ ला कंदाहारजवळ निमरॉड एक्सव्ही२३० हे टेहळणी विमान हवेत पेटलं, १४ जण गेले. हवेत इंधन भरल्यानंतर सांडलेलं इंधन गरम पाइपपर्यंत पोचलं होतं. लष्कराच्या चौकशीनंतर सरकारने चार्ल्स हॅडन-केव्ह या वकिलाकडे स्वतंत्र काम सोपवलं. ऑक्टोबर २००९ मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालात अधिकाऱ्यांची नावं आहेत, बीएई सिस्टिम्स आणि किनेटिक या कंपन्यांची नावं आहेत. सुरक्षेची कागदपत्रं निव्वळ कागद रंगवण्यासाठी कशी तयार झाली आणि १९९८ नंतरच्या खर्चकपातीत सुरक्षेकडे कसं दुर्लक्ष झालं, ते सगळं आहे. त्यातूनच २०१० मध्ये लष्करी विमानांच्या सुरक्षेसाठी वेगळं प्राधिकरण उभं राहिलं. एकच अहवाल वाचायला वेळ असेल तर हाच वाचा.

आणि याच देशाने चिनूकच्या बाबतीत काय केलं तेही माहीत असू द्या. २ जून १९९४ ला स्कॉटलंडमधल्या मल ऑफ किंटायरला हे हेलिकॉप्टर धडकलं, २९ जण गेले. मेलेल्या दोन वैमानिकांवर घोर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला गेला. तो पुसायला २०११ साल उजाडावं लागलं. त्या प्रकरणातली काही कागदपत्रं तर १०० वर्षांसाठी बंद आहेत आणि घरचे लोक आजही झगडताहेत. म्हणून या सेवेला मी पाचपैकी चार देतो. पाचवा त्या २९ घरांसाठी राखून ठेवलाय.

वापरणाऱ्यांसाठी थोडं. इंग्रजी सरळ आहे, पण लघुरूपांचा भडिमार आहे. लघुरूपांची यादी वेगळी छापून शेजारी ठेवा. सगळा अहवाल छापू नका. घटनाक्रम आणि शिफारशी आधी वाचा, मग विश्लेषणात शिरा. मी आता एका आयटीआयमध्ये आठवड्यातून दोन दिवस फिटरच्या मुलांना शिकवतो. एफ-३५चा घटनाक्रम मी त्यांना मराठीत सांगतो आणि मध्येच थांबून विचारतो, "इथं तुम्ही काय मोजलं असतं?" मुलं भांडून उत्तरं देतात. त्यांच्यातलं कोणी विमानाला हात लावणार नसेलही, पण लेथवर काम संपल्यावर चकची चावी आता ती मोजून ठेवतात.

मेहुण्याला मी एफ-३५च्या अहवालाच्या थोड्या पानांची झेरॉक्स स्पायरल करून दिली. इंग्रजी त्याला फारसं येत नाही. त्याची मुलगी बारावीला आहे, ती रात्री वाचून सांगते. परवा त्याचा फोन आला, "दाजी, झाकणं मोजायचं काम नेमकं कोणाच्या नावावर होतं, त्याच्यावर काळी पट्टी नाही ना?" मी म्हटलं, नाव नाही मिळणार, पण ते काम कसं चालायचं ते पुढे आहे, वाचत राहा. प्रत अजून त्याच्याकडेच आहे.