हॉटेलातली खोली विकत घ्यावी का? महामार्गालगतच्या एका प्रकल्पाचे परीक्षण

निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतून कोल्हापुरातल्या राजारामपुरीत वन बीएचके घ्यावा, की पुणे-बेंगळुरू महामार्गालगत उभ्या राहणाऱ्या काँडो हॉटेलमधली खोली घ्यावी, या विचारात आम्ही उभयतांनी दोन महिने घालवले. खोलीचे खरेदीखत आपल्या नावे व्हायचे, हॉटेल कंपनीने चालवायचे आणि उत्पन्नातला वाटा दरमहा आपल्या खात्यावर जमा व्हायचा, असा हा व्यवहार आहे. प्रकल्पाचे नाव मी देत नाही; मात्र जे पाहिले आणि कागदपत्रांत वाचले, ते अशाच विचारात असलेल्यांच्या उपयोगी पडेल.

नमुना खोली खरोखर देखणी आहे. गादी उत्तम, बाथरूम प्रशस्त, बांधकामात खोट काढावी असे काही दिसले नाही. पण पत्नीने आत शिरताच स्वयंपाकाचा ओटा शोधला आणि तो कुठेच नव्हता. मी टेप लावून आतले माप घेतले, ते २४० चौरस फूट भरले. माहितीपत्रकात ४५० छापले आहेत. महारेराच्या, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या, संकेतस्थळावरील नोंदीतही चटई क्षेत्र, म्हणजे भिंतींच्या आतले वापराचे क्षेत्रफळ, २४० च आहे. म्हणजे ३८ लाखांच्या किमतीत चटईचा दर चौरस फुटाला १५,८०० रुपयांच्या वर जातो. उद्या हॉटेल बंद पडले, तर ओट्याशिवायच्या त्या खोलीत कुटुंबवत्सल भाडेकरू कसा राहणार?

मुख्य आकर्षण आहे ते पहिली तीन वर्षे ९ टक्के परताव्याच्या हमीचे. वर्षाला ३ लाख ४२ हजार, तीन वर्षांत १० लाख २६ हजार. त्याच परिसरात जवळपास तेवढ्याच चटईचा व्यावसायिक गाळा आम्हाला २६ लाखांना सांगितला गेला. किमतीतला हा १२ लाखांचा फरकच आपल्याला हप्त्याहप्त्याने परत मिळतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. शिवाय कराराचा मसुदा वाचल्यावर कळले, की हमी बिल्डरची नाहीच. ती हॉटेल चालवणाऱ्या वेगळ्या कंपनीची आहे, आणि तिने हात वर केले तर बिल्डरवर कोणतीही जबाबदारी येत नाही.

चौथ्या वर्षापासूनचा हिशेब मी घरी मांडला. रात्रीला ३,००० रुपये भाडे आणि वर्षात १८२ रात्री खोली भरलेली धरली, तर जमा ५ लाख ४६ हजार होते. पगार, वीज, लाँड्री, बुकिंग ॲपचे कमिशन असा ६० टक्के खर्च वजा जाता २ लाख १८ हजार उरतात. त्यातला आपला वाटा ६० टक्के, म्हणजे १ लाख ३१ हजार. त्यातून मेंटेनन्सचे २१,६०० गेले की परतावा तीन टक्क्यांच्याही आत येतो, आणि फर्निचर बदलण्याचा निधी अजून धरलेलाच नाही.

१८२ रात्री तरी भरतील का? नवरात्रात आणि मे महिन्याच्या सुट्टीत कोल्हापुरात खोली मिळत नाही, हे खरे. परंतु अंबाबाई आणि जोतिबाचे दर्शन उरकून संध्याकाळी परतणारे पुष्कळ असतात, आणि मुक्काम करणाऱ्याला मंदिराजवळचे यात्री निवास किंवा लॉज सोयीचे पडते. पावसाळ्याचाही विचार करावा लागतो: २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुराने हाच महामार्ग शिरोलीजवळ बंद पडला होता.

विक्री प्रतिनिधी सौजन्याने वागले, पण साठेखताआधीच, म्हणजे विक्रीचा करार नोंदवण्याआधीच, २० टक्के भरण्याचा आग्रह त्यांनी धरला. रेरा कायद्याच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, हे दाखवल्यावर आग्रह थांबला. अनेकांचे उत्पन्न एकत्र करून वाटणारी अशी व्यवस्था सेबी (शेअर बाजाराची नियामक संस्था) कायद्याच्या कलम ११ एए खाली सामूहिक गुंतवणूक योजना ठरू शकते. त्याबाबत वकिलाचा लेखी सल्ला घेतल्याशिवाय कोणीही टोकन देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

याच कंपनीच्या दुसऱ्या हॉटेलातल्या खोल्या मागील दोन वर्षांत महिन्याला किती रात्री भरल्या, याचा तक्ता आम्ही मागितला होता. पाच आठवडे झाले, तो आलेला नाही. राजारामपुरीतल्या फ्लॅटचा शोध अहवाल, म्हणजे मालकी हक्काच्या तपासणीचा अहवाल, मात्र वकिलांकडे तयार आहे, आणि सोमवारी आम्ही तिकडे जाणार आहोत.