कॉम्प्युटरवरचे व्हिडिओ डीव्हीडी प्लेअरवर: उन्हाळ्यापासून चवथीपर्यंतचा अनुभव

डिव्हएक्सचा (म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करण्याच्या एका पद्धतीचा) शिक्का असलेला डीव्हीडी प्लेअर जरूर घ्यावा, पण त्या शिक्क्याचा अर्थ समजून घेऊन. दुकानदार सांगतो, ‘सगळं चालतं.’ सगळं चालत नाही. जे चालतं ते मात्र फार छान चालतं.

माझं काम साधं होतं. चवथीतल्या (गणेशचतुर्थीतल्या) घुमट आरत्या, म्हणजे घुमट हे मातीचं वाद्य वाजवत म्हटलेल्या आरत्या, आणि जत्रेला देवळाच्या मंडपात होणारी नाटकं, असं बरंच चित्रण गोव्यात फोंड्याला आमच्या कॉम्प्युटरवर साठलं आहे. साखळीला आत्याकडे आणि पेडण्याला मामांकडे अजून जुना टीव्ही आहे, पेनड्राइव्हची सोय नसलेला. त्यांना डिस्क घातली की चित्र दिसायला हवं, एवढंच.

पहिली डिस्क मामांकडे पाठवली तेव्हा त्यांचा फोन आला, “अरे, आवाज येतो, चित्र नाही.” ही तक्रार पुष्कळांची असते आणि कारण बहुधा एकच. फाइलच्या नावापुढचं एव्हीआय हा नुसता डबा असतो, आत कुठल्या पद्धतीने चित्र भरलंय ते वेगळं. डिव्हएक्सवाले जुने प्लेअर एमपीईजी-४ ची जुनी शाखा वाचतात, म्हणजे डिव्हएक्स आणि एक्सविड. फोन चित्रण करतो ते बहुतेक एच.२६४ या नंतरच्या पद्धतीत, आणि ते या प्लेअरच्या चिपला उलगडतच नाही. फाइलचं नाव बदलून काही होत नाही. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आत काय आहे ते लगेच दाखवतं. डिस्क लिहिण्याआधी तेवढं बघून घ्यावं.

मी अ‍ॅव्हिडेमक्स या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्सविड करून घेतो. चित्र ७२० बाय ५७६ च्या आतलं, सेकंदाला २५ फ्रेम. फोनच्या चित्रणात फ्रेमचा वेग कमीजास्त होत असतो. तो २५ वर पक्का केला नाही तर नाटकाच्या दुसऱ्या अंकापर्यंत ओठ आणि संवाद यांची फारकत होते. एक्सविडच्या सेटिंगमधले क्यूपेल आणि जीएमसी हे दोन पर्याय बंदच ठेवा, पुष्कळ प्लेअरना ते झेपत नाहीत आणि चित्राचे चौकोन पडतात. सगळं बरोबर असूनही फाइल नाकारली, तर तिच्यातली एक्सव्हीआयडी ही चार अक्षरी खूण बदलून डीएक्स५० करून बघा. काही प्लेअर केवळ त्या खुणेवर अडून बसतात.

आवाजाबाबत मात्र मी हट्टी आहे. एमपी३ ठेवा, पण ठरावीक दराचा. बदलत्या दराचा आवाज बरेच प्लेअर मागेपुढे करतात. नाटकाला १२८ केबीपीएस (सेकंदाला किलोबिट) पुरतो. घुमट आरतीला नाही. घुमट आणि शामेळ (चामड्याचं तालवाद्य) त्यात निभावतात, पण कासाळ्यांचा (मोठ्या झांजांचा) झणत्कार फुटतो. १९२ ठेवल्यावर तो स्वच्छ ऐकू येतो, आणि आरतीत त्यालाच तर महत्त्व आहे. चित्राला १२०० आणि आवाजाला १९२ धरले तर दोन तासांचं नाटक सव्वा जीबीत बसतं. म्हणजे ४.७ जीबीच्या एका डीव्हीडीवर तीन नाटकं आरामात.

फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि छोटी द्यावीत, सुरुवातीला ०१, ०२ असे आकडे घालून, तेही इंग्रजीच. देवनागरी नावांच्या जागी माझ्या प्लेअरवर चौकटी उमटतात. उपशीर्षकांचं तसंच. मराठी उपशीर्षकं हवी असतील तर ती चित्रातच छापून घ्यावी लागतात.

एवढं करूनही वयस्कर माणसांसाठी मी शेवटी वेगळीच वाट धरली. त्यांच्या डिस्क सरळ डीव्हीडी-व्हिडिओ करतो, म्हणजे व्हिडिओ_टीएस फोल्डरवाल्या. डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरमध्ये हे काम होतं. वेळ जास्त लागतो, एका डिस्कवर दोनेक तासच चांगले मावतात, पण डिव्हएक्सचा शिक्का नसलेल्या प्लेअरवरही ती चालते. दर दहा मिनिटांनी चॅप्टर टाकतो. पावसात वीज गेली आणि परत आली की आत्या रिमोटचं पुढचं बटण दाबत नेमक्या प्रवेशाशी पोचते. एव्हीआयमध्ये तीच जागा शोधायला फाइल पळवत बसावं लागतं, आणि फाइलच्या शेवटची सूची बिघडलेली असेल तर तेही होत नाही.

डिस्क लिहिताना वेग ४एक्स किंवा ८एक्स ठेवावा आणि शेवटी ती फायनलाइज करावी, म्हणजे लिहिणं पूर्ण करून बंद करावी, नाहीतर कॉम्प्युटरवर दिसते पण प्लेअरवर नाही. जुने प्लेअर डीव्हीडी+आरपेक्षा डीव्हीडी-आर जास्त सहज घेतात. आपल्याकडच्या दमट हवेत कागदी लेबल अजिबात चिकटवू नका. ते एका बाजूने सुटतं, डिस्क फिरताना डगमगते आणि चित्र अडकतं. कडक डबीत उभी ठेवा, आणि नाव मऊ टोकाच्या मार्करने लिहा. सीडीवर तर बॉलपेन मुळीच नको, तिचा लिहिलेला थर नावाच्या बाजूला अगदी वरच असतो.