९९०० एमएएचचा सेल : शिकारीची टॉर्च बांधणाऱ्यांनो, आधी वजन करा

लांब झोताची टॉर्च स्वतः बांधायची म्हणून मी सगळे सुटे भाग एकाच ऑनलाइन विक्रेत्याकडून मागवले : रिकामी बॉडी, खोल रिफ्लेक्टर, उष्णता बाहेर काढणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर बसवलेला एलईडी, ड्रायव्हर (एलईडीला जाणारा करंट आवरणारं सर्किट) आणि १८६५० जातीचा, पुन्हा भरता येणारा लिथियम सेल. शिकारीला असा झोत कशासाठी लागतो ते ज्याला लागतो त्याला माहीत आहे. (बऱ्याच ठिकाणी प्रकाश टाकून शिकार करायला बंदी आहे, ते आधी बघून घ्या.)

टॉर्च पहिल्यांदा लावली तेव्हा झकास पेटली. काही मिनिटांतच झोत पिवळट पडून बसला. जखमी जनावराचा माग काढताना असं झालं तर काय, हा विचार करूनच अंगावर काटा आला.

पहिला संशय सेलवर. वेष्टनावर ठळक ९९०० एमएएच (सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचं माप). १८ मिमी जाड आणि ६५ मिमी लांब डब्यात एवढं मावतच नाही. नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेल ३५०० च्या आसपास थांबतात. तराजूवर ठेवला तर ३२ ग्रॅम. अस्सल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो. क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर पूर्ण भरून उतरवला, हजारसुद्धा निघाले नाहीत. असल्या सेलचा अंतर्गत रोध जास्त असतो, जोराचा करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. कापून बघायच्या भानगडीत पडू नका, आग लागते. आणि दोन सेल एकामागे एक घालायची टॉर्च असेल तर असला सेल हातातही धरू नका : कमजोर सेल आधी रिकामा होतो, दुसरा त्याला उलट्या दिशेने ढकलत राहतो, आणि बंद नळीत वायू कोंडला की ती टॉर्च फुटू शकते.

मग बाकीचं तपासलं. ‘शुद्ध तांबं’ म्हणून आलेल्या पट्टीच्या कडेला कानस मारली, आत पांढरं ॲल्युमिनियम. वर नुसता मुलामा. उष्णता बाहेर जात नव्हती ती यामुळेही. ड्रायव्हरवर जाहिरातीच्या फोटोत ३५० मिलिअँपिअरच्या आठ चिप होत्या, म्हणजे २.८ अँपिअर, हातात आला त्यावर निम्म्याच. एलईडीही नक्कल निघाला, भिंगातून आतल्या बारीक तारांची ठेवण मूळ एलईडीच्या फोटोशी ताडली तेव्हा कळलं.

जाहिरातीत दहा हजार ल्युमेन (एकूण प्रकाशाचं माप) आणि दीड किलोमीटरचा पल्ला, असंही होतं. दर वॉटला शंभर ल्युमेन धरले तरी शंभर वॉट लागतात, म्हणजे एका सेलमधून सत्तावीस अँपिअर! अंतराचा हिशेबही सोपा आहे : कँडेलाचं (झोताच्या तीव्रतेच्या मापाचं) वर्गमूळ काढा, दुप्पट करा, तेवढे मीटर. म्हणजे दीड किलोमीटरसाठी साडेपाच लाखांवर कँडेला हवेत. तेवढे असले तरी त्या टोकाला प्रकाश पाव लक्स, पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. त्यात डुक्कर की माणूस हे ओळखता येत नाही, आणि ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नसतो. त्यामुळे छापील अंतराच्या निम्म्याहून कमीच कामाचं धरा.

तक्रार केल्यावरचा विक्रेत्याचा खेळ तर ठरलेलाच. आधी ‘तुमचा चार्जर चुकीचं मोजतो’. मग ‘थोडे पैसे परत देतो, पण तक्रार मागे घ्या’. एकदा मागे घेतली की बहुतेक ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी नकार दिला तसा म्हणाला, सेल परत पाठवा. सुटे लिथियम सेल टपालाने विमानातून जवळपास कोणी नेत नाही, तेही त्याला ठाऊक. मी तराजूवरचा फोटो आणि चार्जरच्या पडद्याचा अखंड व्हिडिओ जोडला. सेलचे पैसे परत आले, पट्टी आणि एलईडीचे नाही.

जाहिरातीतला तोच फोटो आता दुसऱ्या नावाच्या दुकानात दिसतो. सेलवरचा आकडा तेवढा १२००० झालाय.