जुन्या बुलेटचा गिअर आणि दुखरी कंबर: स्वतः उघडायचं, मिस्त्रीला घरी बोलवायचं, की गाडी गॅरेजला द्यायची?

गेल्या आठवड्यात इथल्या, इंदूरच्या रामबागेतल्या ओळखीच्या एका मुलाने मला विचारलं, "काका, दुसऱ्यातून तिसरा टाकला की मध्येच गाडी मोकळी पळते. न्यूट्रल तर सिग्नलवर सापडतच नाही. आणि डॉक्टरांनी सहा आठवडे वाकायचं नाही म्हणून सांगितलंय. गाडी उघडू की नको?" गाडी त्याच्या वडिलांची, उजव्या पायाच्या गिअरची जुनी बुलेट. त्याला घाईत काहीतरी सांगून मोकळं व्हावंसं मला वाटलं नाही, कारण चार वर्षांपूर्वी मी नेमका याच पेचात होतो. माझी 1979 ची बुलेट मोठ्या स्टँडवर चढवताना कंबरेत लचक भरली. एमआरआयमध्ये चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली दिसली. पुढचे दोन महिने गाडी ओसरीवर आणि मी गादीवर. त्या काळात मी तिन्ही मार्ग करून पाहिले. हे लिहिताना समोर तो मुलगा आहे, आणि त्याच्यासारखाच आणखी कुणी असेल तर त्याच्यासाठीही.

दोष कुठे आहे, हे आधी

मार्ग कोणता निवडायचा ते यावरच ठरतं. माझा जुना मिस्त्री गाडीला हात लावण्याआधी एकच वाक्य म्हणतो, "भिया, पेले क्लच देखो." त्याचं बरोबर आहे. क्लच पूर्ण सुटत नसेल तर गिअर कुरकुरत पडतो, न्यूट्रल सापडत नाही आणि माणूस उगाच गिअरबॉक्सवर संशय घेतो. हँडलवरच्या क्लचच्या दांडीला दोन-तीन मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती तपासायला वाकावं लागत नाही, केबल ताणायलाही फारसं नाही.

दुसरी तपासणी गिअरच्या दांडीची. ती शाफ्टच्या दात्यांवर बसते आणि एका बोल्टने आवळलेली असते. वर्षानुवर्षांच्या लाथांनी दाते झिजतात, बोल्ट सैल होतो, दांडी हलते आणि शाफ्ट जागच्या जागी राहतो. हाताने धरून हलवून पाहिलं की लगेच कळतं.

तिसरी गोष्ट अनेकांना माहीत नसते. गाडी उभी असताना, इंजिन बंद असताना गिअर पडला नाही तर तो दोष नव्हे. आतले दाते एकमेकांसमोर आले तरच ते गुंततात. गाडी मोठ्या स्टँडवर असताना कुणाला तरी मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायला सांगा आणि मग गिअर टाकून पाहा. चारही गिअर असे स्वच्छ पडत असतील तर गिअरच्या पेटीच्या (गिअरबॉक्सच्या) पोटात मोठं काही बिघडलेलं नसण्याची शक्यता बरीच.

चौथी तपासणी मला फार उशिरा सुचली. जुन्या बुलेटचा पहिला गिअर वर असतो आणि पुढचे तीन खाली. म्हणजे पहिला टाकायला पायाचा पंजा दांडीखाली घालून वर उचलावा लागतो. चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकली की बहुतेक वेळा दाबली जाते ती पंजा आणि अंगठा वर उचलणारी नस. मला तीन दिवस वाटत होतं की पहिला गिअर अडकतोय. मिस्त्री आला, बसला, आणि एका ठोक्यात पहिला पडला. गाडी ठीक होती. माझा उजवा पाय कमजोर झाला होता आणि मला ते कळलंच नव्हतं. म्हणून आधी दुसऱ्या कुणाला तरी गिअर टाकायला सांगा. त्याला पडला आणि तुम्हाला पडला नाही तर पाना खाली ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टाचेवर चालून पाहा. एका पायाचा पंजा खाली पडत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला तर मात्र उद्याची वाट पाहू नका, थेट मोठ्या रुग्णालयात जा.

स्वतः करायचं ठरवलंत तर

स्वतः करण्याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. बुलेटची ती जुनी चार गिअरची पेटी इंजिनपासून वेगळी, मागे बोल्टने बसवलेली असते, आणि गिअर बदलण्याची यंत्रणा बाहेरच्या झाकणाच्या बाजूलाच. पुढच्या अंगाला एक लहान झाकण असतं. ते काढलं की आत एक पट्टी दिसते, तिच्या बोल्टांना लांबट भोकं असतात. खटका, म्हणजे पायाच्या दांडीसरशी गिअर सरकवणारा भाग, किती पुढे-मागे जाईल ते ही पट्टी ठरवते. दोन गिअरांच्या मध्ये खोटं न्यूट्रल लागत असेल, म्हणजे गिअर न पडता गाडी मध्येच मोकळी पळत असेल, तर बऱ्याचदा हीच पट्टी सरकलेली असते. सुईने जुन्या जागेची रेघ मारून घ्यायची, बोल्ट किंचित सैल करायचे, केसभर सरकवायची, आवळायची, चाक फिरवून चारही गिअर तपासायचे. रामबागेतल्या मुलाचं दुखणं मला इथलंच वाटतं. आणि हे काम स्वतः करण्यात फायदा आहे, कारण केसभर म्हणजे किती ते तुमच्या पायालाच कळतं. ही पट्टी एका फटक्यात नीट बसत नाही, तीन-चार वेळा तरी सरकवावी लागते, आणि इतका धीर दुकानातल्या माणसाकडे क्वचित असतो.

अडचण उंचीची आहे. गिअरची दांडी जमिनीपासून जेमतेम वीतभर-दीड वीत वर. तिथे काम करायचं म्हणजे मांडी घालून पुढे झुकणं किंवा उकिडवं बसणं, आणि सरकलेल्या गादीला या दोन्ही बैठका सर्वात वाईट. त्यावर मी दोन उपाय केले. पहिला ओट्याचा. आमच्या जुन्या घराला रस्त्याच्या बाजूने ओटा आहे. शेजारच्या दोन तरुण मुलांनी फळी लावून गाडी ओट्यावर चढवली आणि मोठ्या स्टँडवर घेतली. मी फक्त हँडलजवळ उभा राहून सांगत होतो. मग खाली अंगणात स्टुलावर बसलो तर गिअरबॉक्स माझ्या छातीसमोर आला, पाठ सरळ राहिली. दुसरा उपाय ओटा नसलेल्यांसाठी. जमिनीवर गादी टाकून पालथं झोपायचं आणि कोपरांवर रेलायचं, योगवर्गात मकरासन शिकवतात तसं. अनेक डिस्कवाल्यांना या बैठकीत उलट बरं वाटतं, मलाही वाटलं. तुमच्या फिजिओला मात्र आधी विचारा, कारण ज्यांच्या मणक्यातली नळीच अरुंद झालेली असते त्यांना ही बैठक त्रास देते.

वेळेचंही गणित आहे. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांच्या गाद्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्यावर पहिल्या तासाभरात वाकणं जास्त महागात पडतं. मी दुपारी चारनंतर बसायचो, पंधरा-वीस मिनिटांनी उठून अंगणात दोन चकरा मारायचो, मग पुन्हा. दुखण्याची गोळी घेऊन कामाला बसू नका. गोळीने दुखणं कळेनासं होतं, इजा व्हायची ती होतेच. कंबरपट्ट्याचंही तेच. पट्टा बांधला म्हणून गाडी उचलायची परवानगी मिळत नाही.

पान्यांबद्दल एक सूचना. जुन्या बुलेटचे बरेच नट इंची मापाचे आहेत. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि जोर लावला की घसरतो. एरवी बोटं सोलतात एवढंच, पण दुखऱ्या कंबरेला तो अचानक बसलेला हिसका पुन्हा पंधरा दिवस झोपवू शकतो. योग्य मापाचा रिंग पाना नसेल तर त्या नटाला हात लावू नका.

आणि स्वतःची हद्द इथेच संपते, असं माझं ठाम मत आहे. मोठं बाहेरचं झाकण काढायचं म्हणजे ऑइल काढा, किकची दांडी धरणारी कॉटर पिन ठोकून काढा, झाकण ओढा, नंतर किकच्या स्प्रिंगला पीळ देऊन ते परत बसवा. यातल्या प्रत्येक पायरीत ठोकणं, ओढणं, अंगाला पीळ देणं आहे. कंबर धडधाकट असती तर मीच म्हटलं असतं, उघडा, शिकायला मिळेल. आत्ता नको.

मिस्त्री घरी

मला सर्वात जास्त हाच मार्ग पटला, आणि त्यातलं एक काम मी स्वतःकडे ठेवलं होतं. मिस्त्रीने झाकण उतरवलं आणि ते माझ्या जेवणाच्या टेबलावर, जुन्या वर्तमानपत्रावर ठेवलं. खटका, त्याच्या परतीच्या स्प्रिंगा, दांडीचा शाफ्ट, सगळं त्या झाकणातच. सरळ पाठीच्या खुर्चीवर बसून मी दोन संध्याकाळी ते रॉकेलने धुतलं. खटक्याची एक कड गोल झाली होती आणि एक स्प्रिंग मऊ पडली होती. ही चार गिअरची पेटी 2000 नंतरही काही वर्षं बनत राहिली, त्यामुळे हे लहान भाग आजही मिळतात. तिसऱ्या दिवशी मिस्त्रीने येऊन नवे भाग आणि नवं पॅकिंग घालून झाकण बसवलं. पट्टी मी ओट्यासमोर बसून जुळवली.

या मार्गाला पैसे थोडे जास्त लागतात, कारण मिस्त्रीचा दोनदा येण्याचा वेळ जातो आणि तो त्याला द्यायलाच हवा. दुसरी अडचण म्हणजे उजव्या पायाच्या गिअरची पेटी ओळखणारे हात आता इंदूरमध्येही कमी होत चाललेत. नव्या गाड्यांवर शिकलेला मुलगा हुशार असतो, पण ती पट्टी त्याने पाहिलेलीच नसते आणि तो थेट पेटी उतरवायला निघतो. बोलावण्याआधी एक प्रश्न विचारा: "जुन्या बुलेटमध्ये खोटं न्यूट्रल लागलं तर आधी काय बघता?" क्लच किंवा पट्टी असं उत्तर आलं तर बोलवा.

आणखी एक. तो काम करत असताना "जरा धर" म्हणेल. नाही म्हणायची तयारी ठेवा, किंवा घरातल्या एखाद्या तरुणाला शेजारी उभं करा. माझी कंबर दुसऱ्यांदा गेली ती मी पेटीचं झाकण "जरा धरलं" तेव्हा.

गॅरेज

चाक फिरवूनही एखादा गिअर पडत नसेल, पडलेला गिअर जोर दिला की आपोआप सुटत असेल, किंवा ऑइलमध्ये धातूचे कण सापडले, तर आतले गिअर किंवा ते सरकवणारे फोर्क गेलेत आणि पेटी उतरवावी लागणार. ते काम गॅरेजचं, तुमची कंबर कितीही चांगली असली तरी. गाडी लोडिंग रिक्षात घालून पाठवा, चढवायला-उतरवायला दोन माणसं वेगळी सांगा, स्वतः चालवत नेऊ नका. देताना फोटो काढा आणि काढलेला प्रत्येक जुना भाग परत मागा, तोही कामाआधी सांगून. माझ्या गाडीची मूळची न्यूट्रलची टाचेची दांडी एकदा एका दुकानात अशीच गेली आणि बदल्यात आलेली कधीच नीट बसली नाही. ती दांडी जपण्यासारखी आहे. दुसऱ्या, तिसऱ्या किंवा चौथ्यातून क्लच दाबून टाचेने ती दाबली की थेट न्यूट्रल. पहिल्यातून मात्र ती चालत नाही. पायात जोर कमी असताना सिग्नलवर पंजाने न्यूट्रल शोधत बसण्यापेक्षा हे किती सोयीचं, ते मला त्या वर्षी कळलं.

जुनी येझदी किंवा जावा असेल तर

वरचा हिशोब बराच बदलतो. तिथे गिअर डाव्या पायाला, आणि तीच दांडी आत दाबून फिरवली की किक होते. किकचा सगळा जोर त्याच दांडीवर येत असल्यामुळे आधी तिचे दाते तपासा. शिवाय गिअरची दांडी हलली की क्लच थोडा आपोआप सुटतो, म्हणून क्लचची जुळणी बिघडली तर गिअर बिघडल्यासारखा वाटतो. इंजिन आणि गिअर एकाच खोळीत आहेत. आतल्या फोर्कपर्यंत जायचं तर ती खोळ उघडणं आलं, ते घरी करू नका. या गाड्यांचा म्हैसूरचा कारखाना 1996 साली बंद झाला, त्यामुळे भाग घेताना जुना भाग सोबत नेऊन शेजारी-शेजारी धरून पाहा.

थांबायचं का?

पायात कळ जात असेल, मुंग्या येत असतील, खोकताना कंबरेत चमक उठत असेल, तर हो. नुसतं कंबरेतलं दुखणं बहुतेकांचं काही आठवड्यांत उतरतं, आणि पूर्ण आडवं पडून राहण्यापेक्षा थोडं थोडं चालत राहिल्याने लवकर. गाडीला त्याने काही होत नाही. टाकीतलं पेट्रोल काढून ठेवा, चेनला ऑइल द्या, कुणाला तरी आठवड्यातून एकदा चाक फिरवायला सांगा.

त्या मुलाला मी शेवटी असं सांगितलं: या रविवारी चारनंतर भावाला बोलव, त्याच्याकडून चारही गिअर चाक फिरवून टाकून घे, क्लचची चाल बघ. चारही पडले तर गाडी आमच्या ओट्यावर आणा, पट्टी आपण दोघं स्टुलावर बसून जुळवू. एकही अडला तर सोमवारी गॅरेजला फोन. आणि किक भावाने मारायची, पट्टी कितीही छान जुळली तरी, डॉक्टर हो म्हणेपर्यंत.